नवा डेस्कटॉप आलाय, त्यात आधी काय टाकू?

कोरी_वही

नमस्कार मंडळी. माझ्या जुन्या डेस्कटॉपला विंडोज ११ झेपत नव्हतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून शेवटी नवं मशीन घेतलं. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. काम म्हणाल तर मुद्रितशोधन, पत्रव्यवहार, घरातले जुने फोटो स्कॅन करून ठेवणं आणि थोडा हिशेब.

जुन्या मशीनवर कुणी काय सुचवेल ते टाकत गेले. शेवटी त्यातली निम्मी कशासाठी होती तेही आठवेना. या वेळी मोजकंच टाकायचं आहे. तुमच्या मशीनवर असं काय आहे, जे नसेल तर तुमचं खरंच अडतं?

जुना_कळफलक

नावं सांगण्याआधी मी लावतो ती चाळणी सांगतो.

सहा वर्षं मी एका सुरेख दिसणाऱ्या ॲपमध्ये टिपणं लिहीत होतो. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात रोज रात्री लिहिलेलं सगळं त्यातच होतं. ताप किती, काय बोलले, कोण भेटून गेलं. एके दिवशी त्या कंपनीने गाशा गुंडाळला. तसा मेल येऊन गेला होता, पण तो जाहिरातींच्या ढिगात राहिला आणि डेटा उतरवून घ्यायची मुदत टळली. फाइल माझ्याच डिस्कवर होती. उघडून पाहिली तर नुसती चिन्हं. ते ॲप सोडून दुसऱ्या कशालाच ती वाचता येत नव्हती, आणि ॲप लॉगिनच्या पुढे जात नव्हतं.

तेव्हापासून काहीही टाकताना मी एवढंच विचारतो: हा प्रोग्राम उद्या नाहीसा झाला तर माझ्या हातात काय उरेल?

टिपणांसाठी आता नोटपॅड++ आणि साध्या टेक्स्ट फाइल. २००३ पासून चालत आलेला, फुकट, हलका. न जतन करता बंद केला तरी पुढच्या वेळी टॅब जसेच्या तसे उघडतात. तुम्ही मुद्रितशोधन करता म्हणून मुद्दाम सांगतो, खिडकीच्या तळाशी उजवीकडे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत दिसते तिकडे लक्ष असू द्या. तिथे यूटीएफ-८ हवं. कुणाकडून आलेली जुनी फाइल एएनएसआय या जुन्या पद्धतीची असेल आणि तुम्ही तिच्यात देवनागरी चिकटवलंत, तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. तशीच जतन केलीत तर मूळ मजकूर परत येत नाही.

साध्या फाइल ठेवायच्या म्हटलं की त्या सापडायलाही हव्यात. त्यासाठी एव्हरीथिंग. एनटीएफएस ही विंडोजची डिस्कवर फाइल मांडायची नेहमीची पद्धत, तशा डिस्कवर ते प्रत्येक फाइलची नोंद एका तक्त्यात ठेवतं, आणि हा थेट तो तक्ताच वाचतो. त्यामुळे लाखो फाइल असल्या तरी तुम्ही एकेक अक्षर टाइप कराल तशी यादी डोळ्यांसमोर आक्रसत जाते. नावातला मधलाच तुकडा आठवत असला तरी चालतं. मात्र त्याचं बळ नावं शोधण्यात आहे, फाइलच्या पोटातला मजकूर शोधायला तो संथ आहे. माझं खरं अडतं ते याच्यावाचून.

पत्रं आणि हिशेबाला लिबरऑफिस. त्याचा ओडीएफ हा फाइलप्रकार २००६ पासून आयएसओ मानक आहे, म्हणजे तो कुणा एका कंपनीच्या मर्जीवर नाही. पासवर्डसाठी कीपासएक्ससी. सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये राहतात आणि तीच फाइल फोनवर दुसऱ्या ॲपमध्येही उघडते. मुख्य पासवर्ड मात्र कागदावर लिहून घरात नीट ठेवा. तो विसरलात तर ती फाइल कुणीही उघडून देऊ शकत नाही.

आणि बॅकअपला फ्रीफाइलसिंक. दुसऱ्या डिस्कवर फाइल जशीच्या तशी उतरते, कुठल्या खास पेटाऱ्यात जात नाही. ती डिस्क कोणत्याही मशीनला लावा, फोटो उघडतो.

पाऊलवाट

चाळणी पटली. माझ्याकडून दोनच गोष्टी.

सेव्हन-झिप, म्हणजे अनेक फाइल दाबून एका फाइलमध्ये बांधणारा प्रोग्राम. कुणाला खासगी कागदपत्रं पाठवायची असतील तर पासवर्ड लावताना फाइलप्रकार झिप न निवडता सेव्हन-झेड निवडा आणि फाइलची नावं झाकायच्या खुणेवर टिक करा. झिपमध्ये मजकूर झाकला जातो, पण आतल्या फाइलची नावं कुणालाही दिसतात. पुष्कळदा नावच सगळं सांगून टाकतं.

व्हिडिओ पाहायला व्हीएलसी तर हवाच. सबटायटलची अक्षरं संवादाच्या मागेपुढे धावत असतील तर जी आणि एच या कळा दाबून पाहा, दर वेळी ५० मिलिसेकंदांनी सरकतात.

मशीनचा वेग वाढवून देणारे आणि ड्रायव्हर शोधून देणारे प्रोग्राम अजिबात टाकू नका. एसएसडीची निगा विंडोज स्वतःच राखतं.

मंद_दिवा

फ्रीफाइलसिंकबद्दल कळकळीने सांगते. त्यातला मिरर पर्याय उजवी बाजू हुबेहूब डावीसारखी करतो. मी घाईत डावीकडे चुकून रिकामा फोल्डर निवडला होता आणि उजवीकडे चार वर्षांचे फोटो होते. बटण दाबण्याआधी तो काय काय करणार त्याची पूर्ण यादी दाखवतो. त्यात डिलीटच्या खुणांची रांग लागलेली पाहून माझा हात थांबला. तेव्हा ती यादी दर वेळी वाचा. शिवाय सेटिंगमध्ये खोडलेल्या फाइलसाठी व्हर्जनिंग निवडा, म्हणजे त्या पुसल्या न जाता वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात.

जुन्या मशीनची हार्डडिस्क बॅकअपला वापरणार असाल तर आधी डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो लावून पाहा. निळं दिसलं तर ठीक. पिवळं असेल तर ती डिस्क राम म्हणायच्या वाटेवर आहे असंच समजा आणि पहिल्यांदा फोटो हलवा, बाकी सगळं नंतर.

कोरी_वही

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनी डिस्क तपासली तर पिवळी निघाली. काल रात्रीच सगळे फोटो नव्या बाहेरच्या डिस्कवर घेतले. @जुना_कळफलक, तुमच्या वडिलांबद्दल वाचून बराच वेळ पुढचं वाचवलं नाही. माझीही काही टिपणं अशाच एका ॲपमध्ये आहेत, ती आजच टेक्स्टमध्ये उतरवून घेतली.

दोन शंका. हे सगळं उतरवायचं कुठून? नाव शोधलं की सारखी दिसणारी पाच-सहा पानं येतात. आणि एव्हरीथिंगला नव्या बाहेरच्या डिस्कवरचं काहीच सापडत नाही.

जुना_कळफलक

टिपणं उतरवलीत हे फार बरं केलंत.

शोधात सगळ्यात वर येणारा दुवा पुष्कळदा जाहिरात असतो, तो सोडा. त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. व्हीएलसी आणि लिबरऑफिस मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरही आहेत. इन्स्टॉल करताना प्रत्येक पान वाचून पुढे जा, भराभर नेक्स्ट दाबू नका.

डिस्कचं म्हणाल तर ती बहुधा एनटीएफएस नसून एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीची असेल, मी वर सांगितलेला तक्ता त्यात नसतो. एव्हरीथिंगच्या टूल्स मेनूत ऑप्शन्स उघडा, इंडेक्सेसखाली फोल्डर्स आहे तिथे ती डिस्क जोडा. पहिल्या खेपेला पूर्ण डिस्क वाचायला थोडा वेळ घेईल, तोवर केबल काढू नका.