कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीला, म्हणजे आयपीओला अर्ज टाकावा, की लिस्टिंगनंतर (शेअरचे व्यवहार बाजारात सुरू झाल्यावर) शेअर बाजारातून घ्यावा?

तेजीमंदी: छोट्या गुंतवणूकदाराने मेनबोर्डच्या (छोट्या कंपन्यांचा एसएमई विभाग सोडून मुख्य बाजारातल्या) आयपीओला एका लॉटचा (कमीत कमी ठरलेल्या शेअरच्या गठ्ठ्याचा) अर्ज टाकत राहावं. आस्बा पद्धतीत पैसे कापले न जाता आपल्याच खात्यात अडकून राहतात, बचत खात्याचं व्याज चालू राहतं, आणि डिसेंबर 2023 पासून इश्यू (ही शेअरविक्री) बंद झाल्यावर तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी लिस्टिंग होतं. नाही लागला तर खर्च शून्य. बोली फक्त कट-ऑफला लावा, म्हणजे किंमतपट्ट्यात शेवटी जो भाव ठरेल तो मान्य. भाव वरच्या टोकाला ठरला की खालची बोली बाद.

खारे_शेंगदाणे: खर्च शून्य? हिशेब मांडू. रिटेल हिस्सा (छोट्या गुंतवणूकदारांसाठी राखलेले शेअर) 30 पट भरला, म्हणजे तितक्या पट मागणी आली, तर साधारण तिसातल्या एकाला लॉट लागतो. 15,000 च्या लॉटवर 40 टक्के नफा धरला तरी 6,000. म्हणजे अर्जामागे सरासरी 200 रुपये. आता पेटीएम घ्या, नोव्हेंबर 2021. रिटेल हिस्सा जेमतेम 1.66 पट भरला, त्यामुळे अर्ध्याहून जास्त जणांना लागला असणार. 2,150 चा शेअर पहिल्याच दिवशी 1,560 च्या आसपास बंद झाला. सहा शेअरच्या लॉटमागे साडेतीन हजारांचा खड्डा. साठ टक्के शक्यता धरा, तरी दहा चांगल्या अर्जांची कमाई एका झटक्यात साफ. चांगला इश्यू लागत नाही आणि पडेल तो हमखास गळ्यात येतो, खरी गोम ही आहे.

तेजीमंदी: म्हणून तर पहिल्या दिवशी अर्ज टाकायचाच नाही! शेवटच्या (बहुधा तिसऱ्या) दिवशी दुपारी एक-दोनला क्यूआयबीचा, म्हणजे म्युच्युअल फंडांसारख्या मोठ्या संस्थांच्या मागणीचा आकडा बघा. पेटीएमचा तीन पटही नव्हता, एलआयसीचाही नव्हता. असं दिसलं की सोडून द्या. पण साडेचारपर्यंत ताणू नका. यूपीआय मँडेट (पैसे अडकवायची फोनवर येणारी परवानगी) पाचच्या आत मंजूर झालं नाही तर अर्ज गेला.

माजघर: क्यूआयबीचं ठीक, पण पैसा कुणाच्या खिशात जातोय ते बघा की. एलआयसी आणि ह्युंदाई हे दोन्ही पूर्ण ऑफर फॉर सेल, म्हणजे जुन्या मालकांनी आपले शेअर विकले, कंपनीत एक रुपयाही गेला नाही. पेटीएमच्या 18,300 कोटींतले 10,000 कोटी जुन्या भागधारकांना गेले. ऑफर फॉर सेल म्हणजे वाईटच असं नव्हे. पण विकणाऱ्याला भाव चढा हवा असतो, एवढं डोक्यात ठेवून प्रॉस्पेक्टस (इश्यूचं माहितीपत्रक) वाचा. लिस्टिंगनंतर थांबून घेणाऱ्यांनी अँकरच्या (इश्यू खुला होण्याआधी शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्थांच्या) लॉक-इनच्या, म्हणजे विक्रीबंदी संपण्याच्या तारखा टिपून ठेवाव्यात: अर्धे शेअर 30 दिवसांनी सुटतात, उरलेले 90 दिवसांनी. त्या सुमाराला विक्री येऊ शकते.

तेजीमंदी: तीन महिने थांबून चढलेला शेअर घ्यायचा? त्यापेक्षा घरातल्या चार पॅनवर एकेक लॉट टाका.

खारे_शेंगदाणे: टाका, पण बँक खातं ज्याच्या नावाचा अर्ज त्याचंच हवं, नाहीतर अर्ज नामंजूर. एकाच पॅनवर दोन अर्ज केले तर दोन्ही जातात. शिवाय बायकोच्या खात्यात पैसे तुम्ही भरलेत तर नफा तुमच्याच उत्पन्नात धरला जातो, आणि लिस्टिंगला विकलंत तर त्यावर 20 टक्के कर. तुमच्या त्या 200 रुपयांतून हेही वजा करा.