मदत हवी आहे: ताप उतरला, पण दुसऱ्या सीटीत फुफ्फुसातली गाठ वाढली

मंडळी, घाईत लिहितोय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

धाकट्या भावाला एएमएल (रक्ताचा कर्करोग) आहे. पहिल्या किमोचा आज २४वा दिवस. १०व्या दिवसापासून न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १००च्या खालीच होते. १२व्या दिवशी ताप आला, अँटिबायोटिक बदलूनही चार दिवस हटेना. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, तरी डॉक्टरांनी एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी) करायला लावला. उजव्या फुफ्फुसात दोन गाठी निघाल्या, मोठी १४ मिमी, 'भोवती ग्राउंड ग्लास हेलो' (म्हणजे धूसर वलय). रक्तातली गॅलॅक्टोमॅनन ही बुरशीची तपासणीही पॉझिटिव्ह. त्याच रात्री व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचं औषध सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आम्ही सुटकेचा श्वास टाकला.

काल, बरोबर आठवड्याने, पुन्हा सीटी झाला. मोठी गाठ २३ मिमी! शिवाय तिसरी एक छोटी दिसतेय. भाऊ मात्र काल दोन घास जास्त जेवला, ऑक्सिजन ९७, न्यूट्रोफिल ४००वर आलेत. खरं कुणाचं मानायचं, त्याचं की रिपोर्टचं? हे म्युकर (काळी बुरशी) तर नसेल? आणि सरळ तुकडा काढून का तपासत नाहीत? मोठे डॉक्टर उद्या सकाळी भेटतील, तोवर डोकं भणभणतंय.

प्रतिसाद १
आईच्या वेळी आम्हीही यातून गेलोय. रात्री रिपोर्ट उघडून बसू नका. प्रश्न कागदावर लिहून न्या, समोर गेलं की काहीच आठवत नाही.

प्रतिसाद २
मी रेडिओलॉजिस्ट आहे. फिल्म पाहिलेली नाही, त्यामुळे हे निदान समजू नका.

अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे तंतू रक्तवाहिनीत घुसतात, वाहिनी बुजते आणि पुढचा भाग मरतो. त्याच्या कडेने झिरपलेलं रक्त म्हणजे तो हेलो. म्हणजे गाठीत बुरशीपेक्षा मेलेला भाग आणि रक्तच जास्त. म्हणूनच औषध लागू पडत असतानाही पहिले आठ-दहा दिवस ती वाढू शकते, आणि पांढऱ्या पेशी परतू लागल्या की त्यांच्या सुजेनेही फुगते. आठवड्याच्या सीटीवर नुसत्या आकारावरून औषध फसलं असं ठरवत नाहीत. पुढे गाठीत हवेची चंद्रकोर दिसली तर घाबरू नका, मेलेला तुकडा आक्रसून सुटतोय असा त्याचा अर्थ. मात्र त्या काळात खोकल्यातून रक्त पडलं तर एक मिनिटही थांबू नका.

म्युकरची शंका रास्त आहे, कारण व्होरिकोनाझोल त्यावर चालतच नाही. दहापेक्षा जास्त गाठी, छातीत पाणी, सायनसचा त्रास किंवा उलटा हेलो (मधे धूसर, कडेने घट्ट कडं) असेल तर आम्ही त्या दिशेने पाहतो. गॅलॅक्टोमॅनन म्युकरमध्ये वाढत नाही, त्यामुळे तुमचा पॉझिटिव्ह रिपोर्ट अ‍ॅस्परजिलसच्या बाजूने बोलतो. पण दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून ती तिसरी गाठ आवर्जून दाखवा. तुकड्याचं म्हणाल तर प्लेटलेट कमी असताना सुई घालणं जोखमीचं. बहुधा आधी ब्रॉन्कोस्कोपीने (श्वासनळीत दुर्बीण घालून) फुफ्फुस धुऊन ते पाणी तपासतात.

आणि एक नक्की विचारा: रक्तातली व्होरिकोनाझोलची पातळी तपासली का? एकाच डोसवर माणसागणिक ती फार बदलते.

धागाकर्ता (दुसऱ्या दिवशी)
दादा, शेवटचा प्रश्न कामी आला. पातळी ०.६ निघाली, निदान १ तरी हवी म्हणाले. डोस वाढवलाय. ब्रॉन्कोस्कोपी प्लेटलेट चढवून परवा. सायनसचा सीटी स्वच्छ आहे. रात्री भिंतीवर रंग हलताना दिसतात असं भाऊ म्हणत होता, आम्ही ते तापावर ढकललं होतं, तेही याच औषधाचं असू शकतं म्हणे. डोस वाढल्यावर आता त्याच्याकडेही लक्ष ठेवायला सांगितलंय. पुढचा सीटी दहा दिवसांनी. तेव्हा इथेच लिहितो.