सेमिनोल पॅचवर्कची पट्टी लहरी का होते?

सुईदोरा: अमेरिकेतल्या फ्लोरिडात राहणाऱ्या सेमिनोल या मूळ निवासी समाजातल्या बायकांच्या घागऱ्यांवर रंगीत चौकोन टोकाला टोक लावून बसलेले असतात. तशी पट्टी शिवली की ती लाटेसारखी वर-खाली होते आणि चौकोनांची टोकं शिवणीत कापली जातात. नेमकं कुठे चुकतं?

उरेब: एकेक चौकोन कापून जोडत असाल तर तिथेच चुकतंय. ही पद्धत चौकोनांची नाहीच, पट्ट्यांची आहे. मधली पट्टी दीड इंच, वरची-खालची दोन-दोन इंच. पाव इंचावर शिवून तिन्हींचा एक लांब पट्टा करा, इस्त्री करा आणि त्याचे दीड-दीड इंचाचे आडवे तुकडे पाडा. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा बरोब्बर एक इंच खाली सरकवून जोडत जा. चौकोन आपोआप कोपऱ्याला कोपरा लागून तिरके उतरतात. मग पट्टी फिरवून आडवी धरा आणि चौकोनांच्या टोकांबाहेर पाव इंच सोडून दोन्ही कडा छाटा. बाहेरच्या पट्ट्याही दीड इंचीच घेतल्या तर छाटताना कापड कमी पडतं. टोकं खाल्ली जातात ती हे पाव इंच न सोडल्यामुळे.

सुईदोरा: आणि लाट?

उरेब: छाटलेली कड उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी असते, हात लागला तरी ताणते. म्हणून छाटल्याबरोबर ती साध्या, उभ्या धाग्याच्या पट्टीला जोडा. शिवताना ओढू नका, इस्त्री सरकवू नका, नुसती दाबा. आणखी एक: पाव इंचाच्या जागी प्रत्येक शिवणीत दोरा-दोन दोरे जास्त गेले तरी चाळीस तुकड्यांत पट्टी चांगलीच आखूड होते. साठ इंच लांबीला साधारण ४५ तुकडे लागतात.

जुनं कापड: थोडी भर. हे काम फार प्राचीन नाही. हाताने फिरवायची शिलाई मशीन व्यापाऱ्यांकडून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एव्हरग्लेड्समध्ये, म्हणजे फ्लोरिडातल्या दलदलीच्या प्रदेशात पोचली, आणि पॅचवर्क रुळलं ते १९१० च्या दशकानंतर. म्हणून त्याचं मोल कमी होत नाही. उलट नव्या यंत्रातून एका समाजाने इतकी स्वतःची कला घडवली, हेच मला थोर वाटतं. पाऊस, विस्तव, वीज अशी नावं असलेले नमुने आहेत. सरावासाठी शिवा, पण विकताना त्याला 'सेमिनोल' म्हणू नका. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने मूळ निवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं गुन्हा आहे.