हान्स फिल्बिंगर यांचा राजीनामा: १९४५ साठी की १९७८ साठी?

उंबरठा (धागाकर्ता):
बाडेन-व्युर्टेंबर्ग या पश्चिम जर्मन राज्याचे मुख्यमंत्री हान्स फिल्बिंगर यांनी ७ ऑगस्ट १९७८ रोजी राजीनामा दिला. दोनच वर्षांपूर्वी त्यांच्या नेतृत्वाखाली ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियनने तेथे ५६.७ टक्के मते मिळवली होती. मानहाइममध्ये १९१३ साली जन्मलेले, फ्रायबुर्गमध्ये वकिली केलेले, १९६० पासून राज्याचे गृहमंत्री आणि आधीचे मुख्यमंत्री कीझिंगर देशाचे चान्सलर होऊन राजधानी बॉनला गेल्यावर डिसेंबर १९६६ पासून मुख्यमंत्री, असा हा सरळ चढता आलेख होता. तो खाली आला मतपेटीमुळे नव्हे, तर तेहतीस वर्षांपूर्वीच्या कागदांमुळे. फेब्रुवारी १९७८ मध्ये नाटककार रोल्फ होखहूट यांनी फिल्बिंगर हे हिटलरच्या नौदलात न्यायाधिकारी होते या वस्तुस्थितीवर बोट ठेवले आणि त्यांना ‘भयंकर कायदेपंडित’ म्हटले. फिल्बिंगर न्यायालयात गेले, परंतु ते शब्द काही पुसले गेले नाहीत. पुढे वाल्टर ग्र्योगर या बावीस वर्षांच्या पळपुट्या खलाशाचे प्रकरण उजेडात आले. त्याच्यासाठी मृत्युदंड मागणारे अभियोक्ते फिल्बिंगर होते आणि १६ मार्च १९४५ रोजी ओस्लो येथे त्याला गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा त्या अंमलबजावणीवर देखरेख करणारे अधिकारीही तेच होते.

माझे मत असे की राजीनामा योग्यच होता, मात्र तो १९४५ च्या कृत्यापेक्षा १९७८ मधील वर्तनासाठी अधिक योग्य होता. आपण एकही मृत्युदंड दिला नाही, असे ते आधी ठामपणे सांगत होते. आणखी प्रकरणे निघाली, तेव्हा ती विसरलो होतो, असे ते म्हणाले. माणसाला मृत्युदंड दिल्याचे विसरता येते, हे मला पटत नाही.

जुने दप्तर:
असहमत. ज्या आणखी दोन शिक्षांचा गवगवा झाला, त्या आधीच पळून गेलेल्या आरोपींना त्यांच्या गैरहजेरीत दिलेल्या होत्या आणि त्यांत कोणाचाही जीव गेला नाही. ग्र्योगरला पहिल्या सुनावणीत कारावास झाला होता. वरिष्ठांनी तो निकाल रद्द करून मृत्युदंडाचा आग्रह धरला आणि त्यानंतर फिल्बिंगर यांच्याकडे हे प्रकरण आले. अभियोक्ता वरच्या आदेशाला बांधलेला असतो. दुसरीकडे, फोर्स्टमायर नावाच्या अधिकाऱ्याने पुढे स्वतःच सांगितले, की फिल्बिंगर यांनी खटला लांबवल्यामुळे आपला जीव वाचला. ही साक्ष टीकाकार हमखास गाळतात.

बारा वर्षांच्या मुख्यमंत्रिपदाविषयी तर धाग्यात एक ओळही नाही. १ जानेवारी १९७३ पासून राज्यातील जिल्हे ६३ वरून ३५ वर आले. ग्रामपंचायतींच्या पातळीवरील घटक सुमारे ३,४०० वरून १,१११ वर आले. प्रत्येक तालेवार गावाचा रोष ओढवून घेणारे हे काम होते. १९७० च्या सार्वमतात पूर्वी वेगळे राज्य असलेल्या जुन्या बाडेनमधील ८१.९ टक्के मतदारांनी एकत्र राज्यातच राहण्याचा कौल दिला, तोही यांच्याच कारकिर्दीत.

रानजाई:
कारकीर्दच मोजायची, तर वील गावचा अणुवीज प्रकल्पही मोजावा. मी काही वर्षे फ्रायबुर्गमध्ये राहत होते आणि एका रविवारी सायकलने ऱ्हाइनकाठच्या त्या जंगलात गेले होते. अणुवीज प्रकल्पाच्या नियोजित जागी आज झाडी आहे आणि एक दगड उभा आहे, ज्यावर तेथील बोलीत ‘नाय हेमर गसाइट’, म्हणजे ‘नाही, असे आम्ही सांगितले’, एवढेच कोरलेले आहे. (त्यांचे ‘नाय’ आणि आपल्याकडचे ‘नाय’ किती सारखे आहे, याची तेव्हा गंमत वाटली होती.) फेब्रुवारी १९७५ मध्ये काइझरश्टूल परिसरातील द्राक्षबागाईतदारांनी त्या जागेचा ताबा घेतला. हे बहुतेक पिढीजात कॅथलिक आणि फिल्बिंगर यांच्याच पक्षाला मत देणारे लोक होते. मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात बजावले, की हा प्रकल्प झाला नाही तर दशकाच्या अखेरीस राज्यातील दिवे विझू लागतील. प्रकल्प झाला नाही आणि दिवेही विझले नाहीत. आपल्याच मतदाराचे ‘नाही’ ऐकू न येणे आणि वरून आलेला आदेश मात्र तत्काळ ऐकू येणे, हा मला एकाच स्वभावाचा भाग वाटतो.

जुने दप्तर:
रानजाई, प्रसंग छान सांगितलात, पण हा सांधा ओढूनताणून जोडलेला आहे. वीजटंचाईचा अंदाज चुकणे आणि मृत्युदंड मागणे यांना एका माळेत ओवणे न्याय्य नाही. तेलसंकटानंतरच्या त्या वर्षांत अणुऊर्जेचा आग्रह बॉनमधील सोशल डेमोक्रॅट सरकारनेही धरला होता.

तळटीप:
अणुऊर्जेपुरता जुने दप्तर यांचा मुद्दा मान्य. मात्र फोर्स्टमायर यांची साक्ष त्यांना वाटते तशी बचावाची नाही. एका अधिकाऱ्यासाठी कागद लांबवता येत होते, तर त्या यंत्रणेत लांबवण्याला वाव होता, हे त्यांच्याच साक्षीदाराने सिद्ध केले. मग खलाशासाठी तो वाव का वापरला गेला नाही? शिवाय शरणागतीनंतर, ब्रिटिशांच्या ताब्यातील छावणीत असतानाही, फिल्बिंगर यांनी एका खलाशाला सहा महिन्यांचा कारावास दिला. त्याने गणवेशावरील स्वस्तिक फाडून वरिष्ठांना ‘नाझी कुत्रे’ म्हटले होते. तेव्हा कोणते वरिष्ठ दबाव आणत होते? हिटलर तर एप्रिलमध्येच मेला होता.

‘तेव्हा जे रेष्ट होते ते आज उनरेष्ट असू शकत नाही’ हे त्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले वाक्य मराठीत आणताना अडचण येते, कारण जर्मन ‘रेष्ट’ या एकाच शब्दात कायदा आणि न्याय दोन्ही सामावतात (‘उनरेष्ट’ म्हणजे त्याच्या उलट). आपल्याकडे हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे मराठीत हे वाक्य उच्चारण्यापूर्वीच बोलणाऱ्याला निवड करावी लागली असती. आपल्या वाक्याचा विपर्यास झाला, अशी फिल्बिंगर यांची तक्रार होती. ती खरी मानली, तरी ग्र्योगरविषयी खेदाचा एक स्वच्छ शब्द उच्चारण्यापासून त्यांना कोणी अडवले होते?

उंबरठा:
तळटीप यांच्या शेवटच्या प्रश्नापाशीच माझे मत येऊन थांबते. जुने दप्तर, ग्र्योगर प्रकरणात एकट्या फिल्बिंगर यांनी निकाल ठरवला नाही, हे तुमचे म्हणणे मी स्वीकारतो आणि मूळ लेखनात पहिल्या सुनावणीचा उल्लेख करायला हवा होता, हेही मान्य करतो. परंतु पळून गेलेल्या सैनिकांवरील नाझीकालीन निकाल जर्मन संसदेने २००२ मध्ये सरसकट रद्द केले, तेव्हा फिल्बिंगर हयात होते आणि तरीही त्यांनी भूमिका बदलली नाही. एप्रिल २००७ मध्ये फ्रायबुर्गच्या कॅथीड्रलमध्ये त्यांना अखेरचा निरोप देताना तत्कालीन मुख्यमंत्री ग्युंटर एटिंगर यांनी त्यांना नाझी राजवटीचे विरोधक ठरवले. त्यावर त्यांच्याच पक्षाच्या चान्सलर मेर्केल यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली आणि काही दिवसांतच एटिंगर यांना ते विधान मागे घ्यावे लागले.

जुने दप्तर:
ते विधान अतिरंजित होते, याबद्दल माझाही वाद नाही. विरोधक ते नव्हते. राक्षसही नव्हते, एवढेच मी सांगत होतो.