‘स्पायडर-मॅन २’ : रेल्वे थांबली, पण ती मोटार का फेकली?

रिळवाला

सुपरहिरोंच्या सिनेमांत दुसरा भाग कुठला चांगला, हा विषय निघाला की सॅम रायमीच्या ‘स्पायडर-मॅन २’चं (२००४) नाव निघतंच. माझ्या मते रास्तच आहे, पण लोक त्यासाठी रेल्वेच्या मारामारीकडे बोट दाखवतात ते अर्धंच खरं. सिनेमा उभा आहे तो पैशांच्या चणचणीवर.

पहिल्या अर्ध्या तासाचा नुसता हिशेब मांडून बघा. पीटर पार्कर, म्हणजे पोशाखाआडचा स्पायडर-मॅन, वृत्तपत्राचा संपादक जेमसनला फोटो विकतो. बोली दीडशे डॉलरची, सौदा तीनशेवर ठरतो. कागद घेऊन बाहेर आला तर जेमसनची सेक्रेटरी बेटी सांगते, आधी घेतलेली उचलसुद्धा यात फिटत नाही. मे काकू वाढदिवसाचे म्हणून वीस डॉलर हातावर ठेवतात, ती नोट घरमालक ओढून घेतो. पिझ्झावाल्याची २९ मिनिटांची हमी, ४२ ब्लॉक पलीकडे डिलिव्हरी, आणि वाटेत दोन पोरं ट्रकखाली येता येता वाचवायची. नोकरी गेली. (नोकरीवरून काढणारा मालक म्हणजे आसिफ मांडवी, जन्म मुंबईचा.) यातला एकही प्रसंग खलनायकाशी संबंधित नाही, तरी पुढे पोशाख कचऱ्यात जातो तेव्हा तो का गेला हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या भागात ताकद फुकट मिळाली, दुसऱ्यात तिची हप्त्याहप्त्याने वसुली होते.

आणखी एक. मागच्या भागाची उजळणी एकही संवाद न घालता केलीय. श्रेयनामावलीत अ‍ॅलेक्स रॉसची चित्रं सरकत जातात आणि २००२ची सगळी गोष्ट तेवढ्यात आटपते. हल्ली याच कामाला दोन पात्रं समोरासमोर बसवून दहा मिनिटं बोलायला लावतात.

दोष आहेतच. शेवट घाईचा आहे, आणि ताकद का जाते याचा नियम धूसर. बोला.

तर्कटराव

धूसर नाही हो, नियमच नाही. मूळ कॉमिकच्या १९६७ सालच्या पन्नासाव्या अंकात (स्टॅन ली आणि जॉन रोमिता) पीटर पोशाख टाकून देतो, पण त्याची ताकद शाबूत असते. तिथे तो निव्वळ निर्णय आहे, म्हणून जड वाटतो. सिनेमात आधी तंतू सुटेनासे होतात, मग चष्मा परत येतो. म्हणजे निर्णय घ्यायच्या आधीच शरीराने राजीनामा दिलाय. मग त्याने सोडलं काय?

पण माझा खरा राग मोटारीवर. क्रम बघा :

पीटरचा मित्र हॅरी याच्याकडे ट्रिटियम (अणुसंलयनाचं इंधन) आहे. खलनायक डॉक्टर ऑक्टेव्हियसला, म्हणजे पाठीला चार यांत्रिक हात जोडलेल्या शास्त्रज्ञाला, ते हवंय. हॅरी म्हणतो, स्पायडर-मॅन जिवंत आणून दे, आणि तो कुठे सापडेल ते पीटर पार्करला विचार. वर बजावतो की पीटरला इजा करू नकोस. यावर ऑक्टेव्हियस काय करतो? पीटर कॅफेत काचेला पाठ करून बसलाय आणि हा बाहेरून अख्खी मोटार त्याच्या टाळक्यावर भिरकावतो. पीटर हाच स्पायडर-मॅन हे त्याला अजून माहीत नाही. साधा फोटोग्राफर तिथल्या तिथे मेला असता, मग पत्ता कुणाला विचारणार होता? अणुशास्त्रज्ञ आहे ना हा?

शटर

तर्क बरोबर, पण त्या मोटारीचा शॉट बघा. पीटरचं जिच्यावर प्रेम आहे ती मेरी जेन चुंबनासाठी पुढे झुकलीय, पीटरचे डोळे अचानक मोठे होतात, मागच्या काचेत मोटार वाढत जाते. ताकद परत आली हे कुणीही न सांगता कळतं. पुढे ढिगाऱ्यातून उठल्यावर चष्म्यातून धूसर दिसतं आणि चष्मा काढल्यावर स्वच्छ, म्हणून तो चष्मा टाकून देतो. पटकथेत भोक आहे, दिग्दर्शनात नाही.

तांत्रिक बाजूचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पहिला भाग १.८५ः१च्या चौकटीत होता, दुसरा २.३९ः१मध्ये. छायाचित्रकारही बदलला, डॉन बर्जेसच्या जागी बिल पोप आला. चौकट रुंद करायचं कारण साधं आहे. चार यांत्रिक हात दोन्ही बाजूंना पसरले की अरुंद चौकटीत एक तर हात कापले जातात, नाहीतर ऑक्टेव्हियस झालेला आल्फ्रेड मोलिना एवढासा दिसतो. जवळच्या शॉटमधले बरेचसे हात खरे, माणसांनी हलवलेले, एकेका हाताला चार-चार कळसूत्री कलाकार. मोलिना गॉगल काढतो, सिगार पेटवतो, तेव्हा हात ज्या बारकाईने थबकतात ते संगणकातून २००४ साली जमलं नसतं. इमारतीवर चढताना मात्र सगळं डिजिटल होतं आणि तिथे चेहरा आजच्या डोळ्याला थोडा रबरी दिसतो. दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालंय, तरीही.

इस्पितळाचा प्रसंग वेगळा काढून बघा. शल्यचिकित्सक करवत लावायला जातात आणि हात जागे होतात. पार्श्वसंगीत नाही. किंकाळ्या, धातूचा खणखणाट, भिंतीवर सावल्या, आणि फरपटत जाणाऱ्या परिचारिकेची नखं फरशीवर ओरखडे काढतात तो एक शॉट. ‘द ईव्हिल डेड’ या भयपटावाला रायमी तेवढी दोन मिनिटं घरी परत आलाय.

गच्चीवरची

सगळे हात आणि मोटारी मोजताहेत, म्हणून मेरी जेनचा हिशेब मी देते. पहिल्या भागाच्या शेवटी ओलीस, दुसऱ्याच्या शेवटी ओलीस, तिसऱ्याच्याही शेवटी ओलीस. दुसऱ्या भागात ती रंगभूमीवर काम करते, स्वतःचं नाव कमावते, आणि शेवटच्या अर्ध्या तासात तिच्या वाट्याला काय? साखळ्यांनी बांधून घेणं आणि ओरडणं.

त्यातून तो जॉन जेमसन, संपादकाचा मुलगा आणि तिचा नियोजित नवरा. अंतराळवीर, सभ्य, देखणा, एकही खोट नाही. त्याला लग्नाच्या मांडवात सोडून ही पळत सुटते आणि सिनेमा त्याची शिक्षा कुणालाच देत नाही, पार्श्वभूमीला संगीत तेवढं चढतं. पीटरची प्रत्येक चूक व्याजासकट वसूल करणाऱ्या सिनेमात एवढी सूट कशी?

रिळवाला

@गच्चीवरची, ओलीस प्रकरण मान्य. पण शेवटचा शॉट विसरलात. सायरन वाजतो, ती त्याला जायला सांगते, तो खिडकीतून झेपावतो. सिनेमा त्याच्यावर संपत नाही, तिच्या चेहऱ्यावर संपतो, आणि तो चेहरा हसरा राहत नाही. वसुली तिथून सुरू होते.

@तर्कटराव, मोटारीबद्दल एक बाजू मांडून बघतो. मानेजवळची नियंत्रक चिप जळालीय, हातांना स्वतःची अक्कल आहे. मोटार हातांनी फेकली, डॉक्टरांनी नाही.

तर्कटराव

मग फेकल्यानंतर डॉक्टरांनी निदान दचकावं तरी! त्या प्रसंगात तशी एक खूण दाखवा. उलट ते पीटरला भिंतीवर आपटून शांतपणे घड्याळाच्या मनोऱ्याचा पत्ता आणि तीनची वेळ सांगतात.

रेल्वेबद्दल मात्र मी उदार आहे. ढोबळ हिशेब केला. गाडी २०० टन धरा, वेग ताशी ८५ किमीच्या आसपास, थांबायला ५० सेकंद. अंतर होतं सुमारे ६०० मीटर आणि सरासरी जोर निघतो ९६ हजार न्यूटन, म्हणजे जवळजवळ दहा टन वजन लटकावल्यासारखं. प्रत्येक खांद्यावर पाच टन. मोटार झेलणाऱ्या माणसाला अशक्य म्हणता येत नाही. मुख्य म्हणजे प्रसंगाची रचना चोख आहे : आधी पाय टेकवून बघतो, रुळांखालच्या लाकडी पट्ट्या फुटत जातात. मग दोन्ही बाजूंना एकेक तंतू मारतो, तर इमारतीचा दर्शनी भागच उखडून येतो. शेवटी एकदम अनेक तंतू, म्हणजे भार वाटला जातो. दोनदा फसल्यावर तिसऱ्यांदा का जमतं, हे प्रेक्षकाला डोळ्यांनी कळतं.

आता भूगोल. तो मार्ग शिकागोत चित्रित केलाय. मॅनहॅटनमधली थर्ड अ‍ॅव्हेन्यूची उन्नत रेल्वे १९५५ सालीच बंद झाली. आणि रूळ नदीवर जाऊन हवेत का संपतात? ना स्थानक, ना अडथळा. कुठल्या अभियंत्याने सही केली त्यावर?

भट्टीवाला

विज्ञानाचा विषय निघालाच आहे तर. ट्रिटियम जगात फक्त २५ पौंड, म्हणजे ११ किलोच्या आसपास, असं सिनेमात म्हटलंय. आकडा वाटतो तितका हास्यास्पद नाही. ट्रिटियमचं अर्धआयुष्य १२.३ वर्षं, निसर्गात ते नगण्य, आणि नागरी वापराचा साठा खरोखरच किलोंमध्येच मोजतात. जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत ते तयार होत असतं, आपल्या तारापूरच्या तीन आणि चार क्रमांकाच्या भट्ट्या त्याच प्रकारच्या.

घोळ पुढे आहे. संलयनात प्लाझ्माचं (प्रचंड तापलेल्या वायूचं) बंधन सुटलं की तो पसरतो, थंड होतो आणि प्रक्रिया विझते. हाताबाहेर जाऊन शहर गिळत नाही. म्हणजे पहिल्या प्रयोगात पीटरने तारा उपटल्या तेव्हा ते विझणं बरोबर, आणि शेवटी संलयनाचा तो पेटता गोळा स्वतःच स्वतःला पोसतो हे चूक. एकाच सिनेमात एकाच यंत्राला दोन नियम. शिवाय चमचे-मोटारी खेचणारं चुंबकत्व तेवढं प्रचंड असेल, तर चार धातूचे हात पाठीला जोडलेला माणूस शेजारी उभा कसा राहतो?

शटर

शेवट घाईचा आहे असं रिळवाल्यांनी सुरुवातीला म्हटलं, त्याचं कारण भट्टीवाल्यांच्या मुद्द्यातच आहे. तो गोळा ठोसा मारत नाही, बोलत नाही. ऑक्टेव्हियसचं मन दोन वाक्यांत वळतं, आणि उरलेला धोका म्हणजे दिव्यांचा झगमगाट. रेल्वेत दर दहा सेकंदांनी नवी अडचण येत होती, इथे एकच अडचण मोठी मोठी होत जाते. त्यातच आरशात दिसणारा हॅरीचा मेलेला बाप नॉर्मन आणि हॅरीला सापडलेलं गुपित दालन, हे तर सरळ तिसऱ्या भागाचं बुकिंग. २००७ साली त्या बुकिंगवर तीन खलनायक एकदम येऊन बसले.

२००७ची ‘२.१’ ही वाढीव आवृत्ती मात्र शोधत बसू नका. आठेक मिनिटं जास्त आहेत, जेमसन स्वतः तो पोशाख घालून टेबलावर नाचतो एवढीच मजा. लिफ्टमध्ये पोशाखातला स्पायडर-मॅन आणि सहप्रवासी यांचा संवाद बदललाय आणि मूळचा अवघडलेला, लांबलेला अबोला गेलाय. तो अबोलाच तर विनोद होता.

गच्चीवरची

लिफ्टबद्दल पूर्ण सहमत. पोशाख जांघेत रुततो हे सांगणारा दुसरा सुपरहिरो दाखवा.

तर्कटराव

मोटारीचं उत्तर अजून आलेलं नाही.