मदत हवी आहे: प्लग-इन हायब्रिड छोटी घ्यावी की सात सीटांची?

प्लग-इन हायब्रिड, म्हणजे प्लगवर चार्ज होणारी आणि बॅटरी संपली की पेट्रोलवर चालणारी गाडी घ्यायची आहे. न्यू जर्सीत भाड्याचं घर, गॅरेजमध्ये साधा १२० व्होल्टचा प्लग. दुसरा बसवता येणार नाही. रोज तीसेक मैल. तेवढ्याला २०२३ची टोयोटा प्रियस प्राइम (निव्वळ बॅटरीवर ४४ मैलांपर्यंत) सहज पुरते. पण उन्हाळ्यात आई-बाबा आले की आम्ही सहाजण. टोयोटाचीच रॅव्ह-फोर प्राइम आकाराने मोठी, तरी सीटा पाचच! उरली क्रायस्लरची मिनीव्हॅन पॅसिफिका हायब्रिड: सात सीटा, बॅटरीवर ३२ मैल, आणि बॅटरी खालीच असल्याने मधल्या सीटा जमिनीत दुमडत नाहीत. तिन्ही चालवून पाहिल्या, पण उन्हाळ्यात. सेकंडहँडच घेणार. लांबचे प्रवास असतात, म्हणून पूर्ण इलेक्ट्रिक सुचवू नका.

पॅसिफिका वापरणाऱ्यांनो, जानेवारीत हीटर लावला की इंजिन सुरू होतंच का? आणि तेव्हा निव्वळ बॅटरीवर प्रत्यक्षात किती मैल पडतात?