मदत हवी आहे: आमच्या बीटवर (ठाण्याच्या हद्दीतला गस्तीचा भाग) प्रत्यक्षात किती पोलीस असतात, हे कसं काढायचं? (सोलापूर, पूर्व भाग)

नमस्कार मंडळी,

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. यंत्रमाग, टॉवेलचे कारखाने आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका अशी आमची वस्ती. कोपऱ्यावर पोलीस चौकी आहे, पण तिला बहुतेक वेळा कुलूप असतं. दुसऱ्या पाळीवरून कामगार परततात तेव्हा रस्त्यावर दारू पिऊन बसणाऱ्यांची टोळकी असतात. विड्या जमा करून येणाऱ्या बायका आता गटानेच निघतात. शेजारच्या काकूंनी तर मंगळसूत्र काढून घरीच ठेवलंय, काळा दोरा घालून जातात.

पूर्वी इथे एक बीट हवालदार होते. भागातल्या म्हाताऱ्या बायकांशी ते सरळ तेलुगूत बोलायचे. कोणाचा मुलगा कामाला जातो, कोण नुसता हिंडतो, कुठल्या घरात भाऊबंदकी पेटली आहे, सगळं त्यांना ठाऊक. भांडण ठाण्यापर्यंत जाण्याआधीच चहाच्या टपरीवर मिटायचं. त्यांची बदली झाल्यावर जे आले ते टिकले नाहीत. आत्ता बीट अंमलदार कोण आहेत, हे गल्लीत कोणालाच सांगता येत नाही.

ठाण्यात गेलो की एकच उत्तर मिळतं, माणसं बंदोबस्ताला गेलीत. ते खोटं आहे असं मला वाटत नाही. जानेवारीत गड्ड्याची (सिद्धेश्वरांची) यात्रा, मग जयंत्या, मग गणपती आणि नवरात्र. त्यात निवडणूक आली की विचारायलाच नको. समोरचा अंमलदार रात्रपाळी करून दिवसाही उभा असतो, डोळे लाल झालेले. त्याच्याशी भांडून काय मिळणार? माझी तक्रार त्या माणसाबद्दल नाहीच.

मला विचारायचंय ते असं: ठाण्याला मंजूर पदं किती हा आकडा एक, भरलेली किती हा दुसरा. पण कोर्ट, समन्स-वॉरंट, मुद्देमाल, संगणक, आरोपी पार्टी (आरोपींना ने-आण करणारे), रजा, बंदोबस्त हे सगळं वजा करून रात्री बारा वाजता आमच्या गल्ल्यांसाठी किती माणसं उरतात, हा तिसरा आकडा कोण देतं? माहिती अधिकारात मिळतो का? अर्ज ठाण्यात टाकायचा की आयुक्तालयात? आणि बंद चौकी परत सुरू करून घेतल्याचा कोणाला अनुभव असेल तर तो जरूर लिहा. नगरसेवकांकडून आश्वासनं भरपूर मिळाली आहेत, म्हणून इथे विचारतोय.

— पूर्वभागकर

खाकीतून निवृत्त:
तिसरा आकडा हाच खरा प्रश्न आहे, बरोबर पकडलंत. मी दुसऱ्या शहरात नोकरी केली, पण पद्धत सगळीकडे तीच. पदं मंजूर करणं गृह विभागाच्या हातात असतं. त्याचा शासन निर्णय निघतो, त्यामुळे नगरसेवक काय, खुद्द आयुक्तही नवीन पद निर्माण करू शकत नाहीत. मात्र आहेत ती माणसं शहरातल्या ठाण्यांमध्ये कशी वाटायची, हे आयुक्तांच्या हातात असतं. म्हणून पदवाढीची मागणी आमदारांमार्फत सरकारकडे करा आणि चौकीवर माणूस बसवायची मागणी थेट आयुक्तांकडे. दोन्ही एकाच निवेदनात घातल्या की कागद नुसता टेबलं फिरत राहतो.

आणखी एक. काही घडलं की ओळखीच्या पोलिसाला फोन लावता ना? तो लावा, पण आधी 112 हा आपत्कालीन नंबर लावा. 112 चा कॉल वेळेसकट नोंदला जातो, गाडी कधी पोहोचली तेही राहतं. ओळखीच्या फोनची कुठेच नोंद होत नाही. मग कागदावर तुमचा भाग शांत दिसतो आणि शांत भागाला माणूस कोण देईल?

विधीवाचक:
माहिती अधिकाराचं सांगतो. 2005 च्या कायद्याच्या कलम 4 प्रमाणे अधिकारी-कर्मचाऱ्यांची सूची कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायची असते, ती आधी बघा. अर्ज आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा, म्हणजे सगळ्या ठाण्यांचे आकडे शेजारी-शेजारी मिळतील आणि तुलना करता येईल. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, ऑनलाइनही चालतं. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. तक्रारीची कहाणी त्यात अजिबात नको. 'का' विचारू नका, नोंदी मागा. कर्मचाऱ्यांची नावं आणि पुढच्या गस्तीचं वेळापत्रक मागितलंत तर सुरक्षेचं कारण देऊन नाकारतील, आणि ते पटण्यासारखंही आहे. मागच्या महिन्यांचे नुसते आकडे मागा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर त्यापुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

हद्दवाढ भागातली ताई:
आमच्याकडेही हेच आहे. 1992 ला हद्दवाढ झाली, वस्ती पसरत गेली, पोलीस मात्र दिसत नाही. मोहल्ला समितीच्या (पोलीस आणि रहिवाशांच्या) बैठकीला बायकांनी जायलाच हवं असं मला वाटतं. तिथे बहुतेक मंडळांचे अध्यक्ष असतात आणि बोलणं मिरवणुकीचा मार्ग नि स्पीकरची वेळ एवढ्यावरच संपतं. आम्ही बायका गेलो आणि रोजच्या रस्त्याचं बोललो, तेव्हा दामिनी पथक (महिलांच्या सुरक्षेसाठीचं पोलिसांचं पथक) संध्याकाळी शाळेच्या बाजूने यायला लागलं. बंदोबस्ताच्या दिवसांत तेही थांबतं, पण बाकी वेळी फरक पडलाय.

पूर्वभागकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. 112 चं गल्लीत आजच सांगतो. बैठकीचं काकूंच्या कानावर घातलंय, त्या यायला तयार आहेत. अर्जाचा मसुदा असा केलाय:

'सोलापूर शहरातील प्रत्येक पोलीस ठाण्याची मंजूर व कार्यरत पदसंख्या, पदनिहाय. मागील सहा महिन्यांत प्रत्येक ठाण्यातून बंदोबस्त व इतर शाखांकडे संलग्न केलेल्या कर्मचाऱ्यांची महिनानिहाय संख्या. प्रत्येक ठाण्याकडील बीट व चौक्यांची संख्या, प्रत्येक चौकीवर नेमलेल्या कर्मचाऱ्यांची संख्या. याच काळात रात्रगस्तीस प्रत्यक्ष हजर असलेल्या कर्मचाऱ्यांची दिनांकनिहाय संख्या. नावे नकोत.'

शेवटच्या मुद्द्यासाठी ठाणे दैनंदिनीचा (ठाण्यातल्या रोजच्या नोंदवहीचा) उल्लेख करावा का? तो केला तर 'माहिती विस्तृत आहे' म्हणून परत पाठवतील अशी भीती वाटते. विधीवाचक, एवढं सांगा, सोमवारी अर्ज टाकतो.

विधीवाचक:
दैनंदिनी नको. तिच्या प्रती मागितल्या की गुन्ह्यांचा तपशील आड येतो. सहा महिन्यांऐवजी दोनच महिने घ्या, एक गणपतीचा आणि एक साधा. दोन्हींतला फरकच तुम्हाला हवा आहे. बाकी मसुदा ठीक आहे, टाका.